आत्या, आबाला मी मासळीचं सांगितलं

आत्या, तुजं तेरावं होऊन दोन दिस झाले, आन घरात येईल त्यो तुजं चांगलंच सांगायलाय. भागूसारखी लोकर कुणाला पिंजता यायची न्हाई. भागूनं आई मेलेली कोकरं बोटानं दूध पाजून जगवली. भागू कधी कुणाला उलटून बोलली न्हाई. हे शेवटचं आयकून मला हसूच आलं. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं पोरगं रडायलंय. रडत बी होतोच म्हना. पर मुंबईच्या हाटेलात गल्ल्यावरच्या मालकाला तू काय काय आयकवलंस, ते ह्या लोकांना कुठं ठावं हाय?

म्हून लिहायलोय. तहसील कचेरीत दिसभर मी दुसऱ्यांच्या अर्जांच्या उर्दूत नकला करतो. मुन्शीजी म्हंत्यात, किशन मियाँ, कागज पर घोडा दौडाते हो क्या. आज आपलं मराठीत लिहायलो तर हात अजूनच पळायलाय, शाई वाळायच्या आधी पुढची ओळ. तुला एक गोष्ट सांगायचीय. पर ती शेवटी सांगतो. आधी सांगितली तर बाकीचं माज्यानं लिहवणार न्हाई.

घरचं तुला सगळं ठावंच हाय, पर दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हून लिहितो. आपल्याकडं नदीत माणूस बुडून मेला की त्या घरात मासळी बंद हुती. पाण्यातलं काईच चुलीवर चढत न्हाई. मासा न्हाई, झिंगे न्हाई, बांधावरचं खेकडं बी न्हाई. वरीसभर असं चालतं. मंग मेलेल्याचं लेकरू पयला घास खातं, आन मासळी उघडली असं म्हंत्यात. माजा बाप डोहात गेला तवा मी तीन वर्षांचा होतो. वरीस सरलं, भावकी आली, म्हनली पोराच्या तोंडात घास घाला. थोरला चुलता, आपला आबा, नको म्हनला. दुसऱ्या वर्षी बी नको म्हनला. मंग लोकांनी इचारायचंच सोडलं. आईनं पाट लावून दुसऱ्या गावी संसार मांडला, मला तूच वाढवलंस, आन मी एकोणीस वर्षांचा झालो तरी माशाची चव कशी असती ते मला ठावं न्हवतं.

शेजारी मासा शिजला की वास यायचा, आन तू हातातलं काम टाकून मेंढरांच्या वाड्यात जायचीस. लहानपणी मला वाटायचं, तुला वास सोसत न्हाई.

तुज्या पोटात गाठ झाली. बीडच्या हकीमाचं औषध झालं, कपिलधारला नवस झाला, गाठ काय हलंना. मंग कचेरीतल्या एकानं मुंबईच्या मोठ्या दवाखान्याचं सांगितलं. मी रजा काढली. मोटारीत तू पुढच्या बाकाची दांडी धरून बसलीस ती मांजरसुंब्याचा घाट चढस्तोवर डोळंच उघडले न्हाईत, आन उघडल्यावर म्हनलीस काय, तर मेंढरं ह्याच्यापेक्षा शहाणी, आपल्या पायानं चढत्यात. नगरला रेल्वेत बसलो तवा मातर खिडकी सोडली न्हाईस. रानातली मेंढरं दिसली की मोजायचीस. गाडी पळायली तरी मोजायचीस.

दवाखान्यात सकाळीच नंबर लागला. डाक्टरनं पोट दाबून बघितलं, दुसऱ्या डाक्टरशी इंग्रजीत बोलला, आन मला बाजूला घेऊन म्हनला, ह्यांना परत आणायची गरज न्हाई.

आत्या, मी उड्या मारत आलो गं तुज्याकडं. तू व्हरांड्यात भुईवर बसलतीस, लुगड्याचा जुना धडपा अंगावर घिऊन. मी म्हनलं, आत्या, झालं काम, डाक्टर म्हनला परत यायची गरजच न्हाई. तू माज्या तोंडाकडं बघत राह्यलीस. लई येळ बघितलंस. मला वाटलं तुला पटंना. मंग तू हळूच म्हनलीस, बरं झालं. आन उठताना माजा खांदा धरलास, आन म्हनलीस, किसन, मंग आज मासळी खाऊ.

मी लई खुशीत होतो, म्हून इचारलंच न्हाई, मासळी कावून म्हून. मला वाटलं बरी झालेली बाई हाय, काई बी खावंसं वाटंल.

येळ बी कसली तर न्याहारीची गेलेली आन जेवणाची यायची. ग्रँट रोडला एक दुमजली हाटील सापडलं. संगमरवरी टेबलं, वर पंखे, भिताडाला माणसाएवढे आरसे. तू आरशात बघून पदर नीट केलास आन मला म्हनलीस, ती बाई आपल्याकडं बघायलीय. मंग दोघं बी हसलो. बायकांसाठी आत पडदा लावून बाकडी होती. वाढपी तिकडं घिऊन जायला निघाला तर तू म्हनलीस, पडद्याआड खायला मी काय चोरी करायलेय? आन मधल्याच टेबलावर बसलीस, खुर्चीवर मांडी घालून.

आन मंग तू गठुडं सोडलंस. ज्वारीच्या सहा भाकरी, वर मिरचीचा ठेचा. गावाकडं बाजाराच्या दिशी खानावळीत आपण असंच करतो, भाकरी घरची आन कालवण इकत. मुंबईत बी तसंच असंल, असं तुलाच न्हाई, मला बी वाटलं. गल्ल्यावरून मालक उठून आला. बाहेरचं अन्न चालत नाही म्हनला. तू म्हनलीस, कालवण तुमचं, भाकरी आमची, भांडण कुणाचं? त्यो म्हनला, बाई, हे हॉटेल आहे. तू म्हनलीस, आमी कुठं म्हनलो देऊळ हाय म्हून? आजूबाजूची लोकं हसायली. मी खाली बघत होतो, मला घाम फुटलता. शेवटी त्यो कोकणातला वाढपी, डोईवर पांढरे केस झालेला, मधी पडला. मालकाला काय तरी म्हनला, आन तुला म्हनला, बाई, ज्वारीची भाकरी मी बरीच वर्षं खाल्ली नाही, मला देणार का अर्धी? तू एक आख्खी दिलीस, वर ठेचा. त्यानं ती घडी घालून आत नेली. मंग आपल्याला कुणी काई बोललं न्हाई.

त्यानं इचारलं काय आणू. तू म्हनलीस, समुद्रातलं जे काय हाय ते थोडं थोडं.

ताटं येस्तोवर तू जे बोललीस ते मी शब्दाशब्दानं लिहून ठिवतो. नकलनवीस हाय मी, मला चुकायचं न्हाई.

तू म्हनलीस, "किसन, तुजा बाप डोहात मासळी धराय गेलता, ते तुला ठावं हाय. कुणासाठी गेलता ते ठावं हाय का?"

मी म्हनलं, घरासाठी.

"माज्यासाठी. पोटुशी होते, म्हायेरी आलते. म्हनलं, मरळ खावीशी वाटायलीय. आबा म्हनला, पूर उतरू दे. तुजा बाप म्हनला, बहिणीनं एवढं एकच मागितलंय. जाळं घेतलं आन गेला."

तू टेबलावरच्या संगमरवराला बोट फिरवत होतीस, त्यातली काळी रेघ पुसावी तशी. मंग सांगितलंस की ते लेकरू बी जगलं न्हाई, नवऱ्यानं दुसरी केली, ते तुज्या नशिबाचं म्हून सोडून दिलंस. पर आबानं मासळी उघडली न्हाई, ते तुज्यावर हाय, तुज्यावरचा राग हाय. तोंडानं त्यो कधी एक अक्षर बोलला न्हाई. पर रोज चुलीवर डाळ चढली की तुला कळायचं, त्यो इसरला न्हाई.

मी इचारलं, शेजारी मासा शिजला की तू वाड्यात जायचीस, ते म्हून का?

तू म्हनलीस, "तोंडाला पाणी सुटायचं रे. भाऊ गिळला ह्या तोंडानं, तरी पाणी सुटायचं. त्याची लाज वाटायची."

मला राग आला का? आला. खोटं कशाला बोलू, तू गेलीस आता. बाप कसा दिसायचा ते मला आठवत बी न्हाई, आन समोर बसलेली बाई म्हनायलीय त्यो माज्या एका मरळीपाई गेला. मी पंख्याकडं बघत बसलो. तेवढ्यात ताटं आली. पापलेट तळलेलं, कोळंबीचं कालवण, बोंबील, एक मोठा खेकडा, भात, आन गुलाबी रंगाचं काय तरी पेल्यात. तू सगळं माज्याकडं सरकवलंस. म्हनलीस, पयला घास तुजा हाय, दुसऱ्या कुणाचा चालत न्हाई. नको वाटलं तर नको खाऊ, आपण उठू, मी काय म्हनणार न्हाई.

आन हात मांडीवर ठिवून बसलीस. वाढपी लांब उभा होता. तुला लई भूक लागलेली दिसत होती, पर तू ताटाकडं बघत न्हवतीस, माज्याकडं बी न्हाई.

आत्या, मला तवा काय झालं ते नीट सांगता येत न्हाई. मला एवढंच दिसलं की बाप मला आठवत न्हाई, पर तापात माज्या कपाळावर असायचा त्यो हात ह्यो हाय, लोकरीच्या वासाचा. मी पापलेटाचा मोठा तुकडा तोडला आन काट्यासकट तोंडात कोंबला.

मला काय ठावं काटा असतो ते? कुणी शिकवलंच न्हाई की. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. तू पाठीवर थापट्या मारल्यास, भाकरीचा कोरडा घास गिळाय लावलास, आन मंग माजं ताट आपल्याकडं ओढून एक एक काटा येचायला लागलीस. मी कचेरीतला माणूस, मिशा फुटलेला, आन मुंबईच्या हाटेलात आत्या मला काटं काढून घास करून द्यायलीय. शेजारच्या टेबलावरचा टोपीवाला बघत राह्यला. तू त्याला म्हनलीस, काय बघता, लेकरू पयल्यांदाच खायलंय. त्याला वाटलं तुज्या डोक्यावर परिणाम झालाय.

मंग तू खाल्लीस. कशी खाल्लीस गं तू. पापलेट उलटंपालटं करून म्हनलीस, हे तर कोकराच्या कानागत पातळ हाय, ह्याच्या पोटात आतडी मावत्यात तरी कुठं? बोंबील तोंडात घातल्यावर गडबडलीस, म्हनलीस, हाडच न्हाई ह्याला, लोणी हाय का मासा? कोळंबीचं डोकं चोखून चोखून बाजूला ठिवलंस. कालवणात खोबरं लई म्हनून नाक मुरडलंस आन त्यातच भाकरी कुस्करून काला केलास, मुठीनं दाबून. खेकड्याकडं बघून म्हनलीस, ह्यो तर आपल्या बांधावरचाच, शहरात यिऊन माजलाय. त्याची नांगी कशी फोडायची ते वाढपी दाखवायला आला तर म्हनलीस, तुमी जावा, नांग्या फोडण्यात माजं लहानपण गेलं. आन दातानं कडाकडा फोडलीस. गुलाबी पेला उचलून बघितलास आन म्हनलीस, ताक लाजलंय का काय? एक घोट घेतला, दुसरा घेतला, मंग माजा पेला बी पिऊन टाकलास. दोन भाकरी खाल्ल्यास आत्या. घरी तू चतकोर खायला लागलतीस.

मला तर येडच लागलं. कोळंबी ही काय चीज हाय! मी वाढप्याला अजून आणा, अजून आणा करत होतो. इतकी वर्षं आपल्या नदीत हे असलं हिंडत होतं आन आपण डाळ खात बसलो, असं मी बोलून गेलो, आन जीभ चावली. तू हसलीस. खरंच हसलीस, दात दिसस्तोवर. मला त्याच्या आधीचं तुजं असलं हसू आठवत न्हाई.

हात धुऊन झाल्यावर तू म्हनलीस, आता घरी गेल्यावर आबाला सांग. मासळी उघडली म्हून. कुणाच्या हातनं उघडली ते बी सांग.

तिथनं आपलं भांडण लागलं ते नगर सोडलं तरी मिटंना. मी म्हनलं तूच सांग की, तुजा भाऊ हाय. तू म्हनलीस, न्हाई. मी म्हनलं कावून? तर तू म्हनलीस, "मी सांगितलं तर ती माफी मागितल्यासारखं हुतंय. मागितली तर त्यो दिईल. मागून नको मला. त्याला नुसतं कळू दे की तुज्या बापाच्या लेकरानं माज्या हातनं खाल्लं. पुढं काय वाटंल ते त्याचं त्याला वाटू दे." मी म्हनलं, आन त्यो भडकला तर? तू म्हनलीस, भडकू दे, गप बसण्यापरीस बरं. करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं मोटार अडवली, सगळ्यांची गठुडी उकलली, तरी आपलं चालूच. त्यो शिपाई म्हनला, अरे माँ-बेटे, घर जाके लडो. तू त्याला न्हाई म्हनली न्हाईस, माँ-बेटे न्हवं म्हून.

मी शपथ घेतली, सांगतो म्हून. तुज्या गळ्याची घेतली.

आन न्हाई सांगितलं.

त्या दिशी आबा दमून आलता. दुसऱ्या दिशी दोन मेंढरं लांडग्यानं नेली. तिसऱ्या दिशी मला कचेरीत जायचं होतं. आन खरं सांगू का, मला आबाचं भ्या वाटायचं, आन मला वाटत होतं येळ हाय. तू बरी झालीस, आज न उद्या सांगू. डाक्टर म्हनला न्हवता का, परत यायची गरज न्हाई. त्याचा खरा अर्थ मला कळाय दीड महिना लागला. कचेरीत एका मयताच्या वारसाच्या अर्जाची नक्कल करत होतो, त्यात लिवलं होतं की दवाखान्यानं रोग्याला परत आणू नका म्हनलं, आन पंधरा दिसांत त्यो वारला. माजी लेखणी तिथंच थांबली. मुन्शीजी म्हनले, घोडा थक गया क्या. मी तसाच उठून गावाकडं चालत निघालो.

आन तुला तर ते व्हरांड्यातच कळलतं. माज्या हसऱ्या तोंडाकडं बघत तू बसलीस, ते म्हून. आन मी येडा नाचत होतो. तू माजं नाचणं मोडलं न्हाईस.

त्यानंतर तर मला सांगताच यीना. मी सुट्टीला आलो की तू अंथरुणावरनं नुसतं इचारायचीस, सांगितलंस का? मी म्हनायचो, उद्या. तू मान हलवायचीस. शेवटल्या सुट्टीत तू इचारलंच न्हाईस. नुसतं माजं जेवण झालं का इचारलंस. त्यो उद्या मला आता घशातल्या काट्यावानी टोचायलाय आत्या, आन ह्यो काटा काढायला कुणी न्हाई.

काल सांगितलं.

आबा वाड्यात लोकर कातरत बसलता. चांगलं ऊन पडलतं. मी समोर जाऊन मेंढीचं पाय धरलं आन सांगायला लागलो ते थांबलोच न्हाई. दवाखाना, हाटील, पयला घास, तू जे बोललीस ते सगळं. तुज्यासाठी बाप डोहात गेला ते बी. आबाची कातर चालू होती, मंग थांबली. मला वाटलं आता मारतंय म्हातारं.

आबा म्हनला, "भागूवर बंद केली? कोण म्हनलं तुला?"

मी म्हनलं, तीच.

आबानं कातर खाली ठिवली. मंग मेंढीच्या पाठीवर हात फिरवत, तिलाच सांगावं तसं म्हनला, "शेजारी मासा शिजला तर ती उठून हितं यायची. तोंडाला पदर लावून बसायची. मी बघायचो. म्हनलं, शेजारचा वास हिला सोसवंना, तर घरात कशी शिजवू? तिची ती म्हनंल तवा उघडू. ती कधी म्हनलीच न्हाई. मी बी इचारलं न्हाई."

मी सांगायला नको होतं का काय, पर निघून गेलं तोंडातनं. म्हनलं, आबा, तिच्या तोंडाला पाणी सुटायचं.

आबानं माज्याकडं बघितलं. आधी त्याला समजंना. मंग समजलं, आन त्याच्या गळ्यातनं कसला तरी आवाज आला, हसायचा का रडायचा ते मला कळलं न्हाई. अर्धी कातरलेली मेंढी उठून पळाली, कुणी धरली न्हाई.

मंग आबानं इचारलं, "पोटभर खाल्ली का तिनं?"

मी म्हनलं, दोन भाकरी, आबा.

"काय काय होतं?"

मी एक एक सांगत गेलो. पापलेट कोकराच्या कानागत, ते बी सांगितलं. नांगी कशी फोडलीस ते सांगितलं. आबा प्रत्येकाला हूं म्हनायचा, आन मी गप झालो की म्हनायचा, पुढं? काकू जेवायला हाका मारायली तरी आमी उठलो न्हाई. डोळं वाहायले होते त्याचे, त्यानं पुसले न्हाईत. शेवटी उठताना म्हनला, परवा वडवणीचा बाजार हाय, काकूला सांग मसाला वाटून ठिव म्हनावं.

मी चार महिने आधी तोंड उघडलं असतं तर हे तू तुज्या कानानं आयकलं असतंस. ते माज्यावर हाय, ते मी तुज्याकडं माफी मागून सोडवून घेणार न्हाई. पर जे आबा बोलला ते तुजं हाय, ते तुला पोचवायचं होतं म्हून हे एवढं लिवलं.

तुज्यावर न्हवती गं आत्या ती बंद. तुज्यासाठी होती.